‘फीमेल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय? बाईला ‘फीमेल’ म्हटलेलं चालतं का?

मूळ अर्थ जीवशास्त्रातला: जी अंडपेशी तयार करते ती फीमेल. मग ती बाई असो, म्हैस असो की पपईचं झाड. मराठीत आपण माणसांसाठी ‘स्त्री’ आणि प्राण्यांसाठी ‘मादी’ असे वेगळे शब्द ठेवलेत, इंग्रजीत दोन्हीकडे हाच एक. घोळ तिथेच होतो.

विशेषण म्हणून बिनधास्त वापरा: फीमेल वॉर्ड, फीमेल पेशंट. पण ‘ऑफिसात दोन फीमेल आहेत’ असं नाम म्हणून बोललात तर इंग्रजी कानाला ते पोलिसी पंचनाम्यासारखं किंवा हेटाळणीचं वाटतं. तिथे ‘वुमन’, अनेकवचनी ‘विमेन’ म्हणावं. आपल्याकडे ‘लेडीज’ सर्रास चालतं. एकटीलासुद्धा ‘एक लेडीज आली होती’ म्हणतात, ते वेगळंच प्रकरण!

व्याकरणातलं स्त्रीलिंग मात्र ‘फेमिनिन’, फीमेल नव्हे. ‘खुर्ची’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ती फीमेल होत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातही हा शब्द भेटेल. पाइपाच्या ज्या जोडाला आतून आटे असतात तो फीमेल, बाहेरून असतात तो मेल. एफटीए (फीमेल थ्रेडेड अडॅप्टर) मागितलात तर आतल्या आट्यांचा जोड मिळेल.

आणि हो, ‘मेल’ला ‘फी’ जोडून हा शब्द झालेला नाही. तो लॅटिनमधल्या ‘फेमेला’वरून, म्हणजे तरुण स्त्री, फ्रेंचमार्गे आला. ‘मेल’चं मूळ ‘मास्क्युलस’. दोघांचं नातं काही नाही. इंग्रजीत जोडीनं वावरताना ‘फीमेल’चं स्पेलिंग ‘मेल’सारखं झालं, एवढंच.