समुपदेशनाच्या सराव-मुलाखतीत आधी थांबायला शिक

तिघं बसा: समुपदेशक, क्लायंट, निरीक्षक. 20 मिनिटं मुलाखत, 10 मिनिटं अभिप्राय, मग भूमिका बदला. क्लायंटने खरी पण हलकी अडचण आणावी. विरार लोकलचा रोजचा वैताग चालेल. ताजं दुःख नको, वर्गात ते सावरता येत नाही.

‘का’ने प्रश्न सुरू केलास की समोरचा खुलासे देत बसतो. ‘तेव्हा काय झालं?’ असं विचार. तो थांबला तर मनात पाचपर्यंत मोज. नवखे इथेच सल्ला देऊन मोकळे होतात. (मुंबईकराला शांतता सोसतच नाही!)

परवानगी घेऊन रेकॉर्डिंग कर, त्यातली 5 मिनिटं शब्दशः उतरव आणि स्वतःचीच वाक्यं तपास: प्रश्न किती विचारलेस, क्लायंटची भावना त्याला किती वेळा परत ऐकवलीस? नुसतं ‘समजलं’ त्यात धरू नकोस. तपासून झालं की रेकॉर्डिंग पुसून टाक.