त्या आनंदीबाई वेगळ्या

प्रिय चिऊ,

काल शनिवारवाड्यावरून घरी आल्या आल्या तू फोन केलास, "आई, आनंदीबाई डॉक्टर होत्या ना? मग त्यांनी पुतण्याला का मारवलं?" मी बसमध्ये होते. एवढ्यांदा हसले की शेजारच्या बाई दचकल्या. नीट सांगायला फोन पुरला नसता, म्हणून हे पत्र.

अगं, त्या दोघी वेगळ्या. वाड्यातल्या आनंदीबाई राघोबादादांच्या पत्नी. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पत्रातल्या 'धरावे'चं 'मारावे' आनंदीबाईंनी केलं ही आख्यायिका, पण 'ध चा मा' त्यांना जन्माचा चिकटला. डॉक्टर आनंदीबाई जोशी १८६५ सालच्या, कल्याणच्या. १८८३ मध्ये बोटीने अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या क्षय घेऊनच. १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यातच वारल्या, २२ वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी मात्र अमेरिकेत आहेत. तिथे ज्या कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखं सांभाळलं, त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत. इथे परक्या गावात राहून हे वाचलं की मला जरा जास्तच लागतं.

आणि तिसऱ्या आनंदीबाई आहेतच. महर्षी कर्व्यांच्या पत्नी, म्हणजे बाया कर्वे. तू रोज ज्या रस्त्याने रिक्षाने जातेस ना, तेच कर्वे.

आता खरी गंमत. डॉक्टर आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. बाया कर्व्यांचं गोदू. न्यायमूर्ती रानड्यांच्या रमाबाई, त्याही माहेरच्या यमुनाच! म्हणजे एक यमुना आनंदी झाली आणि दुसरी रमा. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं. आनंदी, रमा, लक्ष्मी, अशी ठरलेली चार नावं, मग एका गावात चार आनंदीबाई होणारच. पंडिता रमाबाई मात्र आईवडिलांनी ठेवलेल्या नावानेच राहिल्या. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला तेव्हा रानड्यांच्या रमाबाई तिथे जायच्या. एकाच सभेत दोन रमाबाई! हाक मारली की दोघी वळत असतील.

पुरुषांचं निराळं. तिथे आजोबांचं नाव नातवाला. पहिल्या बाजीरावांचे नातू दुसरे बाजीराव, बस, आकडा लावला की झालं. पुणेकर देवांनाही सोडत नाहीत. मारुती एवढे झाले की जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, डुल्या मारुती. विठोबांतला एक तर उपाशी विठोबा! आजोबांना घेऊन जा, सगळे एका सकाळीत होतील. कोपऱ्यावर वडा मिळतोच.

माझं नाव बदललं का, असं तू विचारणारच. तुझ्या बाबांनी तांदळात माझंच नाव पुन्हा लिहिलं. एका मावशीने नाक मुरडलं, "निदान एखादं अक्षर तरी बदलायचं!" बाबा म्हणाले, ताटात तेवढी जागा नव्हती.

आजीचं मात्र बदललेलं आहे. देवघराशेजारच्या फळीवर पितळेचा तांब्या आहे ना, चिंचेने घासायचा, तो घे आणि गळ्याखाली बघ. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं 'कमल' दिसेल. ते आजीचं माहेरचं नाव. लहानपणी मला वाटायचं, तांब्या कुणा शेजारणीचा आहे आणि आजी परत द्यायला विसरली. मी एकदा तो उचलून खरंच समोरच्या जिन्यावर नेऊन ठेवला होता. आजी दिवसभर शोधत होती.

आजीला दुपारी 'कमल' म्हणून हाक मार. ओ देते का, ते मला कळव.

तुझी,
आई