थंडीतल्या मुक्कामासाठी क्विल्ट घ्यावे की स्लीपिंग बॅग?

प्रश्न : माझा भाचा नोकरीनिमित्त कॅनडातील अल्बर्टा प्रांतात राहतो. येत्या नोव्हेंबरात तो तेथील सहकाऱ्यांबरोबर रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीसाठी चार-पाच दिवस रानात मुक्कामाला जाणार आहे. सोबत्यांपैकी निम्मे त्याला पाठपिशवीत मावणारे हलके क्विल्ट घ्यायला सांगतात, तर निम्मे स्लीपिंग बॅगशिवाय येऊच नकोस म्हणतात. इकडे मी आणि माझे मित्र जानेवारीत तोरणमाळ भागात पक्ष्यांची छायाचित्रे काढण्यासाठी दोन रात्री तंबूत राहणार आहोत. "मामा, तुमच्यासाठीही एक पाठवतो," असे भाचा म्हणतो. दोघांना एकच वस्तू चालेल का? आणि घरच्या कापसाच्या रजईत असे काय कमी आहे? — एक वाचक, शहादा

उत्तर : आधी निष्कर्ष सांगून टाकतो. भाच्याने स्लीपिंग बॅग घ्यावी आणि आपल्याला क्विल्ट पुरेल. मात्र दोघांनीही पहिला पैसा अंगाखालच्या चटईवर खर्च करावा.

क्विल्ट म्हणजे पिसांची किंवा कृत्रिम तंतूंची रजईच. फक्त पायाकडचा भाग पिशवीसारखा शिवलेला असतो आणि कडेला असलेले पट्टे चटईला अडकवता येतात. तिला पाठीकडची बाजू नसते, टोपी नसते आणि बहुधा चेनही नसते. यामागचा विचार असा की ऊब कापडात नसून तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेत असते, आणि झोपणाऱ्याच्या वजनाखाली हे तंतू चेपले गेले की तेथील हवा निघून जाते; मग पाठीखालचा जो भाग ऊब देतच नाही तो पाठीवर वाहून का न्यावा? हा युक्तिवाद बिनतोड आहे आणि त्यामुळे तेवढ्याच उबेच्या बॅगेपेक्षा क्विल्ट दोनशे-तीनशे ग्रॅमांनी तरी हलके पडते. परतीच्या वाटेवर शिकारीचे मांसही खांद्यावरून आणायचे असते, तेव्हा सहकाऱ्यांना या फरकाचे मोल वाटणे स्वाभाविक आहे.

अडचण निराळीच आहे. कूस बदलताना क्विल्टची कड उचलली जाते आणि बाहेरची थंड हवा आत शिरते. पारा पाच अंशांवर असेल तर माणूस झोपेतच कड ओढून घेतो. उणे पंधरा अंशांत मात्र अशी एक फट तासभर साठवलेली ऊब घालवते आणि नंतर झोप लागत नाही. अल्बर्टात नोव्हेंबरातल्या रात्री इतका पारा उतरणे मुळीच अपवादात्मक नाही. शिवाय शिकारीला गेलेला माणूस पहाटे अंधारात उठून तासन्‌तास न हलता बसतो; रात्र कुडकुडत काढल्यावर त्या बैठकीत त्याचे हातपाय लवकर बधिर होतात. म्हणून डोक्याभोवती आवळता येणारी टोपी, चेनच्या आतून जाडसर पट्टी आणि गळ्याशी झालर असलेली, शवपेटीच्या आकाराची म्हणून जिला काही जण नाके मुरडतात ती निमुळती बॅगच त्याच्या कामाची आहे. जो पालथा किंवा कुशीवर झोपतो आणि रात्रभर वळवळतो, त्याने तर गोठणबिंदूखाली क्विल्टचा नाद सोडावा.

खरेदी करताना आकड्यांनी फसू नये. अमेरिकी बनावटीच्या बॅगेवर लिहिलेले '२०' हे बहुधा फॅरनहाइट असते, म्हणजे सुमारे उणे ७ अंश सेल्सिअस. आणि 'शून्य' म्हणजे सुमारे उणे १८. दुसरे असे, की आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर आरामाचे तापमान, मर्यादेचे तापमान आणि कमाल धोक्याचे तापमान असे वेगवेगळे आकडे असतात. यांतील पहिला आकडा सैलपणे झोपलेल्या सर्वसाधारण स्त्रीसाठी, तर दुसरा अंग मुडपून झोपलेल्या सर्वसाधारण पुरुषासाठी काढलेला असतो. जाहिरातीत बहुधा दुसराच मोठ्या अक्षरांत छापतात. भाच्याने पहिला पाहावा आणि अपेक्षित थंडीपेक्षा पाच अंश खालचा घ्यावा. क्विल्टवरचा आकडा मात्र बहुतेक वेळा बनवणाऱ्याने स्वतःच्या अंदाजाने दिलेला असतो. तेव्हा तो थोडा फुगवलेला आहे असे धरून चालणे बरे.

रानातील मुक्काम चार-पाच दिवसांचा असल्याने आणखी एक गोष्ट सांगतो. अंगातून रात्रभर निघणारी वाफ पिसांच्या बाहेरच्या थरात पोहोचते, तेथे थंडीने पाणी होते, आणि दिवसा वाळवायला ऊन नसेल तर तिसऱ्या-चौथ्या रात्री पिसे गोळा होऊन बसतात. तिकडचे अनुभवी लोक यावर पिसांच्या बॅगेवरून कृत्रिम तंतूंचे पातळ क्विल्ट पांघरतात, म्हणजे वाफेचे पाणी बाहेरच्या क्विल्टमध्ये होते आणि पिसे कोरडी राहतात. सहकाऱ्यांचे दोन्ही पक्ष येथे बरोबर ठरतात. भाच्याने असे क्विल्ट घेतलेच, तर जानेवारीत तेच आपल्याकडे पाठवून द्यावे. पण त्यासोबत आपल्याला लोकरी कपडे किंवा एखादी पातळ रजई लागेल, कारण एकट्या पातळ क्विल्टवर तोरणमाळची रात्र निघणार नाही.

आता आपल्या सहलीविषयी. खानदेशची ओळख उन्हाळ्यासाठी असली, तरी थंडीच्या लाटेत जळगाव-धुळ्याकडे किमान तापमान सात-आठ अंशांवर येते. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण ११५० मीटरवर आहे. आणि अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात तर कडाक्याच्या पहाटे दव गोठून गवतावर पांढरे पडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. म्हणून शून्य अंश गृहीत धरून तयारी करावी. त्यासाठी आरामाचे तापमान शून्याच्या आसपास असलेले चांगले क्विल्ट, कानटोपी, कोरडे मोजे आणि जाड चटई एवढे पुरते. तंबू नाल्याच्या काठी लावण्याचा मोह मात्र टाळावा. निरभ्र, निवांत रात्री जड थंड हवा उतारावरून ओघळून खोऱ्याच्या तळाशी साचते, त्यामुळे तेथे दवही जास्त पडते. तळापासून थोडे वर, झाडाच्या आडोशाला, पण वाळलेल्या फांदीखाली नाही अशी जागा पाहावी. वनक्षेत्रात मुक्कामाची परवानगी वन विभागाकडून आधीच घ्यावी, हे सांगायला नकोच.

चटईचे महत्त्व मी सुरुवातीला सांगितले ते अशासाठी, की जमीन रात्रभर पाठीतली ऊब शोषत असते आणि क्विल्ट असो वा बॅग, तेथे दोघेही निकामी असतात. खळ्यावर राखणीला झोपणारा आपला शेतकरी अंगावर घोंगडी एकच घेतो, पण अंगाखाली कडबा मात्र हातभर पसरतो. बाजारातील चटयांवर 'आर' हा अंक असतो. तो जितका मोठा, तितकी जमिनीची थंडी कमी लागते. घडीच्या फोमच्या चटईचा हा अंक दोनच्या आसपास असतो. तोरणमाळला अशा दोन चटया एकावर एक टाकल्या तर त्यांचे अंक बेरजेने वाढतात आणि काम भागते. अल्बर्टातील बर्फावर पाचच्या खाली जाऊ नये.

पहाटे लपणात बसताना क्विल्ट खांद्यावर ओढून घेता येते, हा त्याचा बॅगेवरचा सरस गुण. पण नायलॉनचे कापड शांत पहाटे इतके सळसळते की पाण्यावर आलेला पक्षी मान वर करून उडून जातो. या कामाला मी अजूनही मेंढीच्या लोकरीची घोंगडीच पसंत करतो. ती जड आहे, टोचते, परंतु आवाज करत नाही. आणि शेकोटीची ठिणगी पडली तर नायलॉनसारखे तिला चटकन भोक पडत नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला मनाई आहे. तेव्हा शिकाऱ्यांची ही न हलता बसण्याची विद्या आपल्याकडे आता छायाचित्रकारांच्याच उपयोगाची उरली आहे.

कापसाच्या रजईबद्दल : खानदेशात बसून कापसाची निंदा करणे जिवावर येते. घरात, कोरड्या खोलीत, पिंजून भरलेल्या नव्या रजईसारखे सुख नाही. पण कापूस ओल धरतो, ओला झाला की चिकटून बसतो आणि तंबूत लवकर वाळत नाही. शिवाय तेवढ्या उबेसाठी वजन कितीतरी पट होते. गाडी तंबूपर्यंत जात असेल तर रजई खुशाल न्या, पाठीवर न्यायची असेल तर नको.

प्रश्न : माझी पिसांची स्लीपिंग बॅग पूर्वी फुगायची, आता पातळ झाली आहे. वर्षभर ती लहान पिशवीत कोंबलेली असते. ती टाकून द्यावी का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : टाकू नये. बॅग दाबून ठेवल्याने आणि अंगाच्या तेलाने पिसे मिटली असावीत. मोठ्या टबात कोमट पाणी व पिसांसाठी मिळणारा सौम्य साबण घेऊन हलक्या हाताने बुचकळावी. पिळू मात्र नये, आणि ओली असताना एका टोकाला धरून उचलू नये, नाहीतर आतले कप्पे फाटतात. नंतर सावलीत जाळीवर आडवी पसरून, पिसांचे गोळे बोटांनी चिमटीत धरून फोडत राहावे. त्याला दोन-तीन दिवस लागतात. आतून दमट राहिली तर तिला कुबट वास येतो. पुढे ती सैल सुती पिशवीत ठेवावी, किंवा कपाटात टांगावी.

प्रश्न : तंबूत रात्री कोळशाची शेगडी ठेवली तर जाड बॅगेची गरजच काय? — एक वाचक, साक्री

उत्तर : असे कधीही करू नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग न येताच तो मारतो. तंबूचे दार थोडे उघडे ठेवल्याने हा धोका टळत नाही. झोपण्यापूर्वी भाकरी आणि शेंगदाण्याचे तेल सढळ असलेले भरीत पोटभर खावे, आणि धातूच्या बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, मोज्यात घालून ती पायांशी घ्यावी.