'मल्टिस्टेकहोल्डर' म्हणजे 'बहुपक्षीय' नव्हे

इंटरनेटच्या जागतिक कारभारावरचा एक अहवाल मराठीत आणणाऱ्या वाचकाने विचारलं आहे : 'मल्टिलॅटरल' आणि 'मल्टिस्टेकहोल्डर' या दोन्हींसाठी 'बहुपक्षीय' वापरलं तर चालेल का?

कृपया वापरू नका. या दोन शब्दांवरून वीस वर्षांहून अधिक काळ देशादेशांत वाद चालू आहे. एकच शब्द ठेवला की तो वादच मराठीतून गायब होतो.

'बहुपक्षीय' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सरकारं येतात : बहुपक्षीय करार, द्विपक्षीय चर्चा. 'मल्टिलॅटरल'चा अर्थ नेमका तोच, म्हणून तो शब्द तिथेच राहू द्या. 'मल्टिस्टेकहोल्डर' पद्धतीत सरकारांबरोबर कंपन्या, तंत्रज्ञ, नागरी संस्थाही टेबलाशी बसतात. डोमेन नावांचा व्यवहार पाहणारी आयकॅन ही संस्था अशीच चालते.

माहिती समाजावरच्या जागतिक शिखर परिषदेचा 2003चा जिनिव्हा जाहीरनामा पाहा. इंटरनेटचं आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन 'बहुपक्षीय, पारदर्शक आणि लोकशाही' असावं आणि त्यात सरकारं, खासगी क्षेत्र, नागरी समाज व आंतरराष्ट्रीय संघटना यांचा पूर्ण सहभाग असावा, असं त्यात म्हटलं आहे. एकाच वाक्यात दोन्ही बाजूंना जागा दिली आहे! पुढे जो तो आपल्याला हवा तो अर्धा भाग उद्धृत करू लागला. संयुक्त राष्ट्रांत लहान देशालाही एक मत असतं, म्हणून अनेक विकसनशील देशांना 'बहुपक्षीय' जवळचं वाटतं. ज्यांना सरकारी नियंत्रणाची धास्ती वाटते, ते दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरतात. मला दोन्ही बाजूंचं म्हणणं गंभीर वाटतं. सगळ्यांना दार उघडं असलं, तरी जगभरच्या बैठकांना वर्षानुवर्षं माणसं पाठवणं मोठ्या कंपनीला परवडतं, गरीब देशातल्या संस्थेला नाही.

भारताचंच उदाहरण घ्या. 2011 साली भारताने संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत इंटरनेट धोरणासाठी 50 देशांची समिती असावी, असा प्रस्ताव मांडला. 2015 साली सरकारने 'मल्टिस्टेकहोल्डर' पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. दोन्हीकडे 'बहुपक्षीय' लिहिलंत तर भारताची भूमिका बदलली, हे मराठी वाचकाला कळणारच नाही.

मग 'स्टेकहोल्डर'ला मराठी पर्याय काय? 'भागधारक' बाद, तो शेअर असलेला माणूस, आणि आयकॅनचे शेअर नसतात. 'हितधारक' हिंदीतून आलेला, सरकारी कागदांत रुळतोय, पण बोलताना कुणाच्या तोंडी नाही. 'हितसंबंधी' अर्थाने जवळचा, मात्र 'यात त्यांचे हितसंबंध गुंतलेत' असं आपण संशयानेच म्हणतो. नागरी संस्थांना ते नाव चिकटवणं अन्यायाचं होईल. 'सर्व संबंधित घटकांशी चर्चा करून निर्णय घेऊ' हे वाक्य मात्र आपण रोज वाचतो. त्यामुळे पहिल्या उल्लेखात 'सर्व संबंधित घटकांच्या सहभागाची पद्धत' असं लिहा, पुढे 'बहुघटक पद्धत' पुरे.

अहवालात 'ट्युनिस कार्यक्रम' या, त्याच शिखर परिषदेच्या 2005च्या दस्तऐवजातली इंटरनेट कारभाराची व्याख्या असेलच. त्यात सरकारं, खासगी क्षेत्र आणि नागरी समाज 'आपापल्या भूमिकेत' असा शब्दप्रयोग आहे. ओघाच्या नादात 'आपापल्या' गाळू नका. धोरण ठरवायचा हक्क सरकारांचा की सगळ्यांचा बरोबरीने, हे भांडण त्याच शब्दावर उभं आहे.