पहिलं निवेदन काढण्याआधी

कुलगुरू झालात, आता बाहेर काही घडलं की दुपारपर्यंत दारात दोन शिष्टमंडळं उभी. दोघांनाही तुमचं निवेदन हवं, तेही एकमेकांच्या नेमकं उलट. लगेच लेखणी उचलू नका. आधी बघा, आपल्या वर्गांवर, वसतिगृहावर, परीक्षांवर याचा परिणाम झालाय का? झाला असेल तर त्याच दिवशी बोला. नसेल तर गप्प राहण्यात कमीपणा नाही. शिकागो विद्यापीठाच्या काल्व्हेन समितीने १९६७ मध्येच म्हटलं होतं, टीका करायची ती प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी, विद्यापीठाने नव्हे. हार्वर्डनेही २०२४ मध्ये साधारण तीच वाट धरली. मला ते शंभर टक्के पटत नाही, पण एका घटनेवर बोललात की ‘दुसरीवर का नाही?’ विचारणारे येतातच.

माझ्या पहिल्या निवेदनात ‘तीव्र दुःख’, ‘योग्य ती कार्यवाही’ सगळं होतं. समुपदेशकाचा फोन नंबर तेवढा राहिला. रात्री अकराला एका विद्यार्थिनीने विचारला, तेव्हा लक्षात आलं. तेव्हापासून मसुदा आधी वसतिगृहाच्या रेक्टरना मोठ्याने वाचायला द्यायचो. ते अडखळले की ते वाक्य गेलं.