मिराज-२००० ला नऊ ठिकाणी शस्त्रे लावता येतात, मग सर्व जागा भरून विमान का पाठवत नाहीत?

हा प्रश्न माझे साडू मला गेली वीस-बावीस वर्षे विचारीत आले आहेत. फरक इतकाच की तुम्ही विचारता आहात आणि ते निकाल सांगतात. मी हवाई दलात आर्मामेंट फिटर होतो, म्हणजे विमानाला बॉम्ब, क्षेपणास्त्रे आणि त्यांची काडतुसे लावणारा माणूस, आणि निवृत्तीनंतरही ग्वाल्हेरलाच, लष्कर नावाच्या भागात राहतो. शस्त्रे चढवायला किती वेळ लागतो, हेही तुम्ही विचारले आहे. त्याकडे शेवटी येतो.

नऊ जागा आहेत हे खरे: पाच पोटाखाली आणि दोन-दोन प्रत्येक पंखाखाली. परंतु त्या सारख्या नाहीत. पंखाच्या बाहेरच्या जागेला मॅजिक-२ सारखे नव्वदेक किलोचे हलके क्षेपणास्त्र पेलते, जड बॉम्ब पेलत नाही. इंधनाची टाकी फक्त तीन ठिकाणी लागते: पोटाखाली मधोमध १,३०० लिटरची आणि दोन्ही पंखांच्या आतल्या जागांवर १,७०० लिटरची एकेक. या तिन्ही मिळून ४,७०० लिटर होतात, म्हणजे विमानाच्या स्वतःच्या पोटात मावते त्याहूनही अधिक. दूरच्या कामगिरीवर टाक्या न्याव्याच लागतात, आणि तिन्ही भरल्या की सुमारे पावणेचार टन वजन होते. बाहेरून वाहता येणारा एकूण भार ६,३०० किलो. तेव्हा एकही बॉम्ब टांगण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक हिस्सा रॉकेलच्या या श्रीमंत भावाने खाल्लेला असतो. शिवाय पूर्ण भाराचे १७ टनांचे विमान मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांवर, ग्वाल्हेरच्या धावपट्टीवरून उचलायचे म्हणजे विरळ हवेमुळे इंजिनाचा जोर आणि पंखांची उचल दोन्ही घटलेली असतात. धावपट्टी मात्र तेवढीच राहते.

आता साडूंची हकीकत सांगतो, कारण तिच्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही. हिवाळ्यातील एका सरावात आमच्या विमानाने दोन बॉम्ब नेले होते. एक सुटला आणि दुसरा सुटलाच नाही. बॉम्ब नुसता खाली पडत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसते. वैमानिकाने कळ दाबली की पायलॉनमधील, म्हणजे बॉम्ब ज्याला टांगतात त्या खांबातील, काडतुसे पेटतात, त्यांच्या वायूने आकडे उघडतात आणि एक दट्ट्या बॉम्बला खाली ढकलतो, कारण त्या वेगात नुसता सोडलेला बॉम्ब हवेच्या झोताने उलटून विमानाच्याच पोटावर आपटू शकतो. आमच्या त्या बॉम्बच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नव्हते, किंवा काय घडले ते खालून कोणालाही सांगता येत नव्हते. विमान परत आले, नाक मोकळ्या माळाकडे करून दूर उभे राहिले, आणि आम्ही दोघे लाल फीत बांधलेली सुरक्षा-पिन घेऊन त्याच्याकडे चालत गेलो. ते अंतर फार तर दोनशे पावलांचे असेल. पिन बसल्याचा आवाज ऐकू आला तेव्हा सोबत्याने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. पुढे सर्व काडतुसे काढणे, वायरिंग तपासणे आणि कनेक्टरमध्ये शिरलेली ओल शोधून काढणे यात संध्याकाळ झाली.

त्याच संध्याकाळी साडूंच्या मुलीचा साखरपुडा होता. मी उशिरा पोहोचलो, कारण सांगितले, तेव्हा भरल्या पंगतीत ते म्हणाले, "भाऊसाहेब, एक अडकला तर काय झाले? उरलेल्या आठ जागा होत्या ना! आणि तुमचे काम ते काय, शेवटी हमालीच." मी ताटावरून उठलो नाही, एवढेच माझ्या संयमाचे प्रमाणपत्र.

माझे स्पष्ट मत असे आहे की बॉम्बची संख्या मोजणाऱ्या माणसाला युद्धातले काहीच कळत नाही. जून १९९९ मध्ये टायगर हिलवर मिराजने लेझरच्या मार्गदर्शनाने जाणारे हजार पौंडी बॉम्ब टाकले, तेव्हा काम झाले ते अचूकतेमुळे, आणि ती अचूकता साधणाऱ्या लायटनिंग पॉडला, म्हणजे लक्ष्यावर लेझर रोखणाऱ्या उपकरणाला, स्वतःची एक जागा लागते. फेब्रुवारी २०१९ मध्ये येथूनच मिराज बालाकोटकडे गेली, तेव्हाही साडूंनी बारा गुणिले नऊ असा हिशेब कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मांडला. काही विमाने बॉम्ब नेतात आणि काही त्यांचे रक्षण करणारी क्षेपणास्त्रे, हे त्यांच्या गुणाकारात बसत नव्हते. तुम्हालाही असा कोणी भेटला, तर त्याला टाक्या कुठे लावणार ते आधी विचारा.

वेळेबद्दल: शस्त्र कोणते आणि चमू किती सरावलेला यावर तो ठरतो, बॉम्ब उचलून आकड्यांत अडकवणे हा त्यातला छोटा भाग असतो. काडतुसे बसवण्यापूर्वी वायरींत भटकी वीज नाही ना हे पाहणे, बाजूचे आधार-स्क्रू बॉम्बवर समान दाबाने आवळणे आणि उड्डाणापूर्वी काढलेल्या पिना वैमानिकाला दाखवून मोजणे, यातच खरा वेळ जातो आणि तो जायलाच हवा.

वरील सर्व हिशेब मिराजपुरता आहे. एकआसनी मिराजमधील ३० मिलिमीटरच्या दोन तोफा या नऊ जागांत धरलेल्या नाहीत. सुखोई-३० ला बारा जागा आहेत, तिच्या पोटातच इतके इंधन मावते की सहसा बाहेर टाक्या लागत नाहीत, आणि ती आठ टनांपर्यंत भार वाहते. तिच्या बाबतीत साडूंचे म्हणणे बऱ्याच अंशी टिकते. हे मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.