ट्राउटचं कालवण आणि पीसीबी

प्रश्न : आम्ही शिकागोत राहतो. मिशिगन सरोवरातला लेक ट्राउट शेजारी पकडून देतात. त्यात पीसीबी नावाचं विषारी औद्योगिक रसायन असतं म्हणे. भरपूर उकळून कालवण केलं तर जाईल ना?

उत्तर : नाही. पीसीबी चुलीच्या आचेवर नष्ट होत नाही. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली, पण तळाच्या गाळात ते अजून आहे. तिथून किडे, लहान मासे आणि शेवटी ट्राउटच्या चरबीत ते साठत जातं. कालवणात हीच चरबी रश्शात उतरते, आणि तो रस्सा आपण भातावर ओततो! डोकं घालून केलेलं कालवण तर इथे नकोच.

कातडी सोला. पाठीच्या कण्यालगतची आणि पोटाकडची चरबी कापा, दोन्ही कुशींवरची तपकिरी पट्टीही काढा. मग तुकड्या जाळीवर भाजा. गळलेलं तेल फेकून द्या. पीसीबी बरंच कमी होतं, संपत नाही. माशात पाराही असतो. तो मात्र मांसातच असतो, कापून जात नाही, आणि माशाच्या वयाबरोबर साठत जातो. म्हणून मोठा, म्हातारा मासा टाळा. छोटा यलो पर्च बरा. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल, तर मासे खाण्याबद्दलच्या राज्याच्या सल्लापत्रकात तो मासा किती खावा ते आधी बघा.